यंत्राला पहिला घास

आमच्या कॉलेजात प्रगती अहवाल आधी लिहायचा आणि प्रगती नंतर करायची, अशी पद्धत होती. मी थट्टा करत नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या तपासणीचा दिवस ठरला की पोरं आधी झेरॉक्सच्या दुकानात जात आणि मग वर्कशॉपमध्ये. मागच्या वर्षीच्या मुलांचा अहवाल मिळवायचा, त्यातलं त्यांचं यंत्र काढून आपलं घालायचं, 'चाचणी यशस्वी झाली' हे वाक्य जसंच्या तसं ठेवायचं आणि स्पायरल बाइंडिंग करून मोकळं व्हायचं. चाचणी काय, पुढेमागे होतेच. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी चाटच पडले. पण सगळेच तसं करतात म्हटल्यावर मीही केलं, आणि वर बाइंडिंगची तार वाकडी बसली म्हणून दुकानदाराशी भांडून आले. माझा स्वभाव आधीपासून तापट. आई म्हणायची, हिच्या नाकावर मिरची वाटावी.

आमचा गट चौघांचा होता. त्यातले दोघं फक्त अहवालाच्या पहिल्या पानावर होते. काम करणारे आम्ही दोघंच: मी आणि यवतमाळच्या एका मेकॅनिकचा मुलगा. त्याच्या वडिलांचं गॅरेज स्टँडच्या मागे होतं, तेच आमचं वर्कशॉप. कॉलेजच्या वर्कशॉपला कुलूप असायचं आणि किल्ली कोणाकडे असते हे कोणालाच ठाऊक नसायचं. गॅरेजला मात्र शटरच धड खाली येत नव्हतं.

यंत्र होतं कापूस वेचण्याचं. हातात धरायचं, इस्त्रीएवढ्या वजनाचं. पुढच्या टोकाला दोन दातेरी रूळ, ते फिरले की बोंडातला कापूस ओढून मागच्या पिशवीत टाकायचे. रुळांच्या लगेच मागे मोटर, आणि बॅटरी कमरेला बांधायची. शोध काही आमचा नव्हता, तसली यंत्रं बाजारात होती. पण आमच्या भागातल्या बायांच्या हाताला ती जड व्हायची आणि पराटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत, अडकायची. आम्ही ते हलकं आणि अरुंद करत होतो. विषय मीच निवडला होता, आणि निवडला होता आईमुळे.

आमचं गाव कळंबच्या अलीकडे फाट्यावरून आत. आमची स्वतःची शेती नाही. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची, आणि गावातल्या वेचणाऱ्या बायांची टोळी तिच्याच शब्दावर चालायची. कोणाच्या शेतात कधी जायचं, कोणी कोणता तास धरायचा, म्हणजे कपाशीची कोणती ओळ कोणाची, हे ती ठरवायची. बोंडाची सुकलेली टोकं सुईसारखी लागतात. हंगाम सरेपर्यंत तिच्या बोटांना नखांजवळ चिरा पडलेल्या असत आणि भाजीत तिखट कालवताना ती ओठ दाबून धरायची. मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा ती एकदा म्हणाली, "इंजिनेर होऊन राह्यली न तू? मंग आमच्या या बोटाचं काही पाह्य."

आणि दुसरं एक ती नेहमी म्हणायची. "तुहे हात कापसात जाऊ नाही देणार मी." माझ्या शिक्षणामागचं सगळं बळ या एका वाक्यातलं होतं. वर्ष वाया गेलं असतं तर पुन्हा शिकवायची ऐपत घरात नव्हती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. नापास म्हणजे सरळ आईच्या शेजारचा तास.

त्यात आमचे सर. प्रोजेक्टसाठी आम्हाला दिलेले हे सर स्वतः कास्तकाराच्या घरातले, उंच, करड्या आवाजाचे. त्यांनी अहवाल हातात घेतला, 'चाचणी यशस्वी झाली' या वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "कुठे?"

आजवर हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या गावात, सर."

"छान. मग परत एकदा यशस्वी करून दाखवा. मी येतो. यंत्र चालताना दिसलं नाही, तर तुमच्या गटाला पुढच्या परीक्षेला बसवणार नाही."

मेकॅनिकचा पोरगा आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. सर शेतावर येणार? बाहेर आल्यावर तो म्हणाला, "अब क्या? मशीन तो अभी गादीच्या कापसावरच चालून राह्यली." खरं होतं ते. गॅरेजमध्ये आम्ही पिंजाऱ्याकडून आणलेला कापूस वाळक्या पराटीला दोऱ्यानं बांधायचो आणि तोच पुन्हा पुन्हा वेचायचो.

सरांनी जो दिवस दिला तो नेमका गावातल्या मोठ्या शेतात पहिल्या वेचणीचा निघाला. आमच्याकडे पहिली वेचणी म्हणजे सीतादही. शेतातल्या चांगल्या झाडांपाशी एक दगड मांडायचा, त्याला हळदकुंकू वाहायचं, दही-भाताचा नैवेद्य दाखवायचा. थोडा भात रानात फेकायचा, पहिला घास जमिनीला. मग वेचायला आलेल्या प्रत्येकीनं तिथंच बसून दही-भात खायचा आणि त्यानंतरच कापसाला हात लावायचा. उपाशी पोटी कोणी तास धरत नाही. शेतमालकानं कितीही घाई केली तरी नाही.

आम्ही सकाळीच यंत्र घेऊन पोचलो. एकदा चालवून पाहिलं. खऱ्या बोंडातला कापूस सर्रकन आत गेला तेव्हा मी बांधावर अक्षरशः नाचले. बायाही हसल्या. एक काकू, आईची जुनी सोबतीण, यंत्राला हात लावून म्हणाली, "आता ही एक नवी बाई आली टोळीत. हिले कोणता तास देतं वं?" आईनं लगेच सांगितलं, "माह्या बाजूचा." आईच्या चेहऱ्यावर असा आनंद मी दहावीच्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

सर यायला वेळ होता. यंत्र आईपाशी ठेवून त्यांना आणायला आम्ही दोघं फाट्यापर्यंत गेलो. ते कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घेऊन आले होते, कपाळाला शेंदूर होता, त्यामुळे मला थोडा धीर आला. शेतात आलो तोवर बायांचं सीतादही उरकलेलं होतं. शेतमालक हात मागे बांधून उभा होता. सरांनी बगलेतला अहवाल काढला, आमचा स्पायरल बाइंडिंगवाला, आणि म्हणाले, "चला. करा यशस्वी."

मी बॅटरी कमरेला बांधली, यंत्र बोंडाजवळ नेलं आणि बटण दाबलं.

आधी एक ओला, घशात काही अडकल्यासारखा आवाज आला. मग करपलेल्या दुधाचा वास. मग मोटरमधून धुराची एक रेघ निघाली आणि यंत्र माझ्या हातात एकदा थरथरून गप्प झालं. मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दाबलं. सकाळी चाललेलं यंत्र! माझ्या डोळ्यांसमोर चालत होतं ते!

मेकॅनिकच्या पोरानं ते माझ्या हातातून ओढून घेतलं, तिथंच मातीत मांडी घातली आणि चार स्क्रू काढून झाकण उघडलं. आत बघितलं आणि त्याचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आत साप निघाला. त्यानं बोट घातलं, बाहेर काढलं, हुंगलं. बोटाला पांढरं काहीतरी लागलेलं होतं.

"अरे यार," तो म्हणाला. "ये तो दही है."

रुळांच्या दातांत भाताची शितं होती. मोटरीच्या तारांवर दही पसरून पिवळं पडलं होतं, आणि एका शिताला कुंकूही लागलेलं होतं. माझं डोकं सटकलं. एवढ्या बाया, एवढी माणसं, सर समोर उभे, आणि मी किंचाळले, "कोणी केलं हे? कोणी घातलं यात?"

"म्या चारला," आई म्हणाली.

तिच्या आवाजात चोरी पकडल्याचा सूर अजिबात नव्हता. उलट मी असं ओरडून का विचारतेय याचंच तिला नवल वाटत होतं. "सारे जेवले न. मंग याले एकट्याले उपाशी कसं लावाव कामाले? हे बी आपल्यासंगंच येचणार हाय. पह्यला घास म्या याच्या तोंडात देल्ला."

आई मोटर ओळखत होती, पाण्याच्या पंपावर ओला हात लावू नये हे तिनंच मला शिकवलं होतं. पण तिच्या लेखी ही मोटर नव्हतीच. सकाळी तिच्या शेजारचा तास मिळालेली ती एक वेचणारीण होती, आणि टोळीतल्या बाईला न जेवता कामाला लावणं आईला जमणारं नव्हतं. ओरडायला माझं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं.

तेवढ्यात मेकॅनिकचा पोरगा, भोळा बिचारा, सरांना म्हणाला, "सर, एक चान्स द्या. नाही तर हिचं वर्ष जाईन."

आईनं ते ऐकलं. तिचा चेहरा खाडकन उतरला. "वर्ष जाईन? काहून?" तिनं एकदा धूर निघालेल्या यंत्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ती पुढे आली, यंत्राची पिशवी काढून स्वतःच्या कमरेला बांधली आणि तासात शिरली. दोन्ही हातांनी वेचायला लागली. मी तिला जन्मभर वेचताना पाहत आले होते, पण असं कधी नाही. बोंडाकडे बघतही नव्हती. पिशवी फुगली तशी ती परत आली, सरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "लिवा साहेब. मशीननं येचला म्हणून लिवा."

हा दिवसातला दुसरा धक्का, आणि पहिल्यापेक्षा मोठा. माझी आई म्हणजे कापूस मोजताना काटा आपल्या बाजूला झुकला तर शेतमालकाला हाक मारून दाखवणारी बाई. ती भर शेतात, सगळ्या टोळीसमोर, एका परक्या माणसाला खोटं लिहायला सांगत होती. बोटाच्या चिरेतून आलेलं रक्त पिशवीच्या कडेला लागलेलं होतं. मला लाज वाटली नाही, रागही आला नाही. मी नुसती थिजून उभी होते.

सरांनी अहवाल मिटून पुन्हा बगलेत धरला. मग म्हणाले, "ताई, ती पिशवी काट्यावर न्या, ती तुमची मजुरी आहे." आणि आमच्याकडे वळले. मला वाटलं, संपलं सगळं.

"यात आईंची चूक काय आहे?" त्यांनी विचारलं. "माणसांच्या मधे काम करणारं यंत्र, आणि त्याचं तोंड तुम्ही उघडं ठेवलं. आज दही गेलं. उद्या एखाद्या बाईचं बोट जाईल. हा अहवाल फाडा. जे घडलं ते लिहा, आणि पुढच्या वेळी ते तोंड बंद करून आणा. एक संधी देतो."

त्या आठवड्यातला माझा सगळा वेळ 'अडचणी' या मथळ्याखालच्या चार ओळी लिहिण्यात गेला. अहवाल इंग्रजीत लिहायचा होता. दही-भात इंग्रजीत कसा लिहावा? मेकॅनिकचा पोरगा म्हणाला, डेअरी प्रॉडक्ट लिही. मी लिहिलं आणि खोडलं. वाचणाऱ्याला वाटलं असतं, यंत्र आइस्क्रीमच्या गाडीवर पडलं. शेवटी मी सरळ 'दही-भात' लिहिलं, इंग्रजी अक्षरांत, आणि तो का घातला जातो हेही लिहिलं. सरांनी त्यातला एक शब्दही बदलला नाही. माझ्या शिक्षणात मी लिहिलेला पहिला खरा अहवाल तो.

'पुढील काम' या मथळ्याखाली लिहिलं: तोंडावर स्प्रिंगचं झाकण. बटण दाबून मोटर फिरेल तेव्हाच झाकण उघडेल, एरवी बंद. गॅरेजमध्ये एका जुन्या स्कूटरच्या पत्र्यातून आम्ही ते कापलं. नवी मोटर मेकॅनिकच्या पोराच्या वडिलांनी कुठून तरी काढून दिली. झाकण इतकं घट्ट बसलं, की वरून पाणी ओतलं तरी आत थेंब जाईना. मी खूष होते.

गावाकडे मात्र त्या दिवसांत कोणी खूष नव्हतं. त्या वर्षी बोंडअळी आली. वरून हिरवं, टपोरं दिसणारं बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी आणि काळा पडलेला कापूस. शेतकरी रोज एक बोंड फोडायचे आणि रोज नव्यानं हबकायचे. वेचायला कमी, म्हणून बायांना कामही कमी. त्यातच कोणीतरी बोलून गेलं, की सीतादहीचा घास मशीनमध्ये जळला तेव्हाच कळायला हवं होतं. आईच्या ते मनात बसलं. मी तिला म्हटलं, अळी काय आपल्या गावापुरती आली आहे का, मारेगावपासून मुकुटबनपर्यंत सगळीकडे तेच आहे. ती "हो" म्हणाली आणि तिला ते पटलेलं नाही हे मला दिसलं.

दुसऱ्या तपासणीला सर पुन्हा आले. त्याच शेतात एक तुकडा बरा राहिला होता. टोळी कामासाठी येऊन थांबलेली, शेतमालकही होता. मी बटण दाबलं, झाकण टक्कन उघडलं, रूळ फिरले, कापूस आत गेला. पिशवी भरत आली. सर मोबाइलवर फोटो काढत होते. मी बटण सोडलं, झाकण टक्कन बंद झालं. सर म्हणाले, "वा." एवढंच, पण सरांचा 'वा' म्हणजे आमच्यासाठी निकालच होता.

मी वळले तर मागे आई उभी. हातात पितळी वाटी. तिनं घरून दही-भात आणला होता. पहिला घास जळला होता ना, तो तिला पुन्हा द्यायचा होता, या वेळी नीट. तिनं चिमूटभर भात घेऊन यंत्राच्या पुढे हात नेला आणि तिची बोटं पत्र्याला लागली.

"दार लावलं काय याले?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. मला केवढा अभिमान वाटत होता! "आता काहीच आत जात नाही, आई. काम करतानाच उघडतं."

"मंग हे खाते कवा?"

"त्याला लागतच नाही गं खायला. बॅटरी असली की झालं."

शेतमालक जोरात हसला. माणूस वाईट नव्हता, मनात आलं ते बोलला. "मले असे चार-पाच करून दे बाई. न चहा, न जेवण, न सीतादही. टोळीची कटकटच नाही."

मागे बाया उभ्या होत्या. त्यांच्यातली एकही हसली नाही. सकाळपासून यंत्राभोवती घुटमळणारी, पहिल्या दिवशी त्याला नवी बाई म्हणणारी ती काकू एक पाऊल मागे सरकली आणि हळूच म्हणाली, "जे जेवत नाही, त्याच्या बाजूनं कसा तास धराव वं आपण?"

मला तोवर खरंच दिसलं नव्हतं. शपथेवर सांगते, नव्हतं दिसलं. मी आईच्या बोटांसाठी यंत्र करत होते, माझ्या डोक्यात फक्त तिची बोटं होती. आणि आता हिवाळ्याच्या उन्हात, हातात ते यंत्र धरून, मला ते एकदम दिसलं. आईनं ते जेवू घालून टोळीत घेतलं होतं. मी ते टोळीतून बाहेर काढून टोळीच्या जागी उभं केलं होतं, आणि सरांनी त्याला 'वा' म्हटलं होतं. माझ्या अहवालात हीच प्रगती होती. समाधानकारक, असा शेरा सर त्याच क्षणी लिहीत होते.

मी आईकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, माझ्याआधी कळलं होतं. शेतमालकाचं हसणं, काकूचं मागे सरकणं, सगळं. पदरानं तिनं झाकणाला लागलेला दह्याचा डाग पुसला, बिघडू नये म्हणून नीट, कडेकडेनं. चिमटीतला घास अजून तिच्या हातात तसाच होता. जमिनीला टाकावा तर तो दगड मांडलेला दिवस केव्हाच गेला होता.

तिनं हात माझ्या तोंडाजवळ आणला.

"मंग तू खाय," ती म्हणाली. "पास तर होशीन न?"

मी तोंड उघडलं. तिच्या बोटांच्या चिरा माझ्या ओठांना लागल्या. भात गिळला जाईना, त्यामुळे हो म्हणता आलं नाही. मी नुसती मान हलवली.